पत्र्यामागचा ‘हाय’

बेबीताईचा फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होते. अकरा नंबरपर्यंत आले होते. वर्गात फोन घ्यायचा नाही हा माझाच नियम, पण लागोपाठ तिसऱ्यांदा वाजला म्हणून घेतला. ‘‘नंदे, दत्ता गेला गं,’’ ती म्हणाली. मला वाटलं, मुंबईला गेला असेल, स्टुडिओत. ‘‘परत कधी येणारे?’’ असं मी विचारलं… इतका बिनडोक प्रश्न मी उभ्या आयुष्यात दुसरा विचारला नसेल. मग तिनं सांगितलं. कुंभिवलीजवळ हायवेच्या कडेला दत्ता हातात रेकॉर्डर धरून ट्रेलरच्या ब्रेकचे आवाज टिपत उभा होता. त्याच्या कार्टूनच्या शेवटच्या भागात राक्षस किंचाळत मरतो, त्या किंचाळीसाठी त्याला तो आवाज हवा होता. एका ट्रेलरचे ब्रेक लागलेच नाहीत. दत्ताला त्यानं समोरच्या टपरीपर्यंत फरफटत नेलं आणि टपरीसकट चिरडलं. रेकॉर्डर गटारात सापडला, तेव्हा चालूच होता म्हणे. त्यात काय आहे ते घरात कुणी ऐकलेलं नाही, ऐकणारही नाही.

दत्ता माझा बालमित्र. साजगावला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. पुढं तो आणि त्याची थोरली बहीण बेबीताई आईबरोबर कडावला आजोळी राहायला गेले. तिथून तो चित्रकला शिकला, मुंबईत साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती रंगवून विटला आणि परत येऊन मामाच्या भात साठवायच्या खोलीत त्यानं आपला ‘कारखाना’ मांडला. शब्द त्याचाच. भिंतींना गोधड्या ठोकल्या, कोपऱ्यात एक जुना पन्हाळी पत्रा उभा केला, आणि बेबीताईची लेक सायली कॉम्प्युटर सांभाळायला बसली. त्या खोलीत ‘पत्र्यामागची पोरं’ जन्माला आली. घरात शाळकरी पोर असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. नसेल त्यांच्यासाठी सांगते. बंद पडलेल्या गिरणीतून ‘गिळे’ नावाचे राक्षस बाहेर पडतात, तीन दिवसांत गावातली सगळी मोठी माणसं फाडून खातात, आणि सहा पोरं एका पत्र्याच्या शेडमागं लपून जिवंत राहतात. गिळ्यांना डोळे नाहीत. नुसते कान. आणि त्या कानांना फक्त एकच अक्षर ऐकू येतं, ते म्हणजे ‘ह’.

ही सगळी गंमत त्या ‘ह’ची. पहिल्याच भागात हेडमास्तर पोरांना धीर देतात, ‘‘घाबरू नका, आम्ही आहोत,’’ आणि गिळा त्यांना दोन्ही हातांत धरून चादर पिळावी तसा पिळतो. ‘आमी’, ‘तुमी’, ‘नाय’ म्हणणारी आमच्याकडची पोरं तेवढी वाचतात. ‘‘शुद्ध बोलणारे पयल्याच भागात खपले,’’ असं दत्ता मिटक्या मारत सांगायचा. मराठी शिकवणारी मी समोर बसलेली असले की जरा जास्तच. पण त्या पोरांनाही एक शब्द नडतो. ‘हाय’. आमच्याकडं आहे म्हणायला ‘हाय’ म्हणतात, आणि त्यात तो मेला ‘ह’ आहेच. कोणी हाक मारली, ‘‘कोन हाय का आत?’’ तर हाक मारणाराही मेला आणि ‘‘हाय’’ म्हणून ओ देणाराही मेला. म्हणून पोरं पत्र्यावर टकटक करून एकमेकांना सांगतात, आपण जिवंत आहोत.

मारामारी म्हणाल तर भरपूर. गिळे एसटी उभी चिरतात, विहिरीतून माणूस ओढून काढतात, पोरंही त्यांना कोयत्यानं तोडतात, गिरणीच्या पट्ट्यात घालून दळतात. हे सगळे आवाज त्या खोलीत तयार व्हायचे. मी एकदा गेले तर दत्ता घामाघूम होऊन ओल्या गोणपाटावर लाकडी दांडका हाणत होता आणि सायली ऊस मांडीवर मोडत होती. ‘‘काय चाललंय?’’ म्हटलं. ‘‘सरपंचाच्या बरगड्या,’’ तो म्हणाला. कलिंगड फोडलं की डोकं फुटायचं, भिजवलेल्या पोह्यांत हात घातला की पोटातून आतडी निघायची. फुटलेलं कलिंगड आम्ही नंतर खायचो. हे सगळं करणाऱ्या माणसाला डाव्या कानानं काही ऐकू येत नव्हतं. तो कान चौथीत असतानाच गेला. कसा, ते पुढं येईल… मलाच थोडा दम घ्यायचाय.

आधी मी माझं एक पाप सांगते. माझ्या वर्गात हजेरीला ‘हजर’च म्हणायचं. ‘‘हाय बाई,’’ म्हटलं की हातावर पट्टी. नवीन कायदे आले, पट्टी गेली, तरी मी डोळे वटारून, कान पिळून ‘हजर’ म्हणवून घेतच होते. एका मुलाच्या आईनं हे दत्ताच्या कानावर घातलं. तो सरळ शाळेत आला, मधल्या सुट्टीत, आणि व्हरांड्यात उभा राहून म्हणाला, ‘‘नंदे, पोरांना कशाला मारतेस गं?’’ मी म्हटलं, ‘‘तुझी कार्टुनं माणसं फाडून खातात, ते चालतं? आणि मी जरा कान धरला तर लगेच तपासणी?’’ तो हसला नाही. ‘‘माजी खोटी हायत,’’ एवढंच म्हणाला आणि निघून गेला. त्याचा मला राग आला. राग याचा की मी का मारते ते त्याला ठाऊक असावं असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

आता सांगते. आम्ही चौथीत होतो. बेबीताई तेव्हा सतरा-अठराची, साजगावच्या एका रंगाच्या कारखान्यात डबे भरायला जायची. त्या दिवशी ती जेवणाचा डबा घरी विसरली. शाळेला सुट्टी होती म्हणून तो द्यायला मी आणि दत्ता गेलो. फाटकापाशी पोचतोय तोच आत स्फोट झाला. लोकं काय काय म्हणतात, जमीन हादरली वगैरे. मला आठवतंय ते एवढंच की माझ्या हातातल्या डब्याचं झाकण उडालं आणि आमटी माझ्या फ्रॉकवर सांडली. आम्ही दोघं घाबरून शेडची भिंत आणि कुंपणाचा पत्रा यांच्या मधल्या फटीत शिरलो. धूर, आणि बायकांचं ओरडणं. एक माणूस आमच्या फटीसमोरून जळत पळत गेला, त्याच्या अंगावरचा शर्ट आणि कातडी मला वेगळी ओळखता आली नाही. तेवढ्यात पत्र्याच्या पलीकडून दत्ताच्या वडलांचा, अप्पांचा आवाज आला. ते शेतातून तसेच धावत आले होते. ‘‘कोन हाय का रं आत?’’ ते ओरडत होते. ‘‘कोन हाय का?’’

आणि मी म्हटलं, ‘‘हाय.’’

का म्हटलं? विचारलं म्हणून म्हटलं. आमचे गुरुजी रोज सकाळी नाव घ्यायचे आणि आम्ही ‘‘हाय गुर्जी’’ म्हणायचो. दुसरं काय म्हणतात ते मला माहीतच नव्हतं. अप्पांना पोरीचा आवाज आला, शेडच्या बाजूनं आला. त्यांना वाटलं बेबी आत अडकलीय. ते आत घुसले, आणि रंगाचं दुसरं पिंप फुटलं. पत्रा आमच्या अंगावर वाकला. दत्ताच्या डाव्या कानातून रक्त आलं, मला खरचटलंही नाही. बेबीताई मागच्या नळावर पाणी प्यायला गेली होती, ती धडधाकट होती. अप्पांना शेतातल्या माणसांनी त्यांच्या करदोट्यावरून ओळखलं.

मी हे कुणाला बोलले नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही. दत्ता माझ्या शेजारीच उभा होता, पण त्याचा कान गेला, तो बेशुद्ध पडला, त्याला काय आठवणार… असं मी माझ्या मनाला चाळीस वर्षं शिकवत आले. मनाला शिकवणं वर्गाला शिकवण्यापेक्षा सोपं असतं, ते उलट उत्तर देत नाही.

‘पत्र्यामागची पोरं’मध्ये बायो नावाची एक मुलगी आहे. ती पहिल्या भागापासून एक शब्द बोलत नाही. सगळ्यांना वाटतं मुकी आहे. मलाही तेच वाटायचं, आणि मला ती आवडायचीही. गेल्या दिवाळीनंतर एक भाग आला. त्यात बायो का बोलत नाही ते कळतं. गिळे आले त्या दिवशी ती पत्र्यामागं लपलेली असते, एक माणूस हाक मारतो, ‘‘कोन हाय का?’’ ती म्हणते ‘‘हाय,’’ आणि तो माणूस तिच्या आवाजाकडं वळतो, थेट गिळ्याच्या तोंडात. दत्तानं ते सगळं दाखवलं होतं. दात, मान, तुटलेला हात, हातातलं खुरपं. आवाज तर मला ओळखीचेच होते, ऊस आणि कलिंगड. माझा नातू माझ्या मांडीवर बसून ते बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडावला जाऊन त्याच्या खोलीत उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. ‘‘चाळीस वर्षं पोटात ठेवलंस आणि आता सगळ्या दुनियेपुढं मला उभं केलंस. खुनी म्हणायचं तर तोंडावर म्हण की. राक्षसाच्या तोंडून काय म्हणतोस?’’ पायाजवळ कलिंगड होतं ते मी उचलून त्याच्या अंगावर फेकलं. त्याच्या छातीवर आदळून फुटलं. तो खाली बसला, लाल पाणी त्याच्या सदऱ्यावरून ओघळत होतं, आणि तो म्हणत होता, ‘‘अगं शेवट बघ तरी. नंदे, बायो मरत नाय. शेवट बघ.’’ मी थांबले नाही. तीच आमची शेवटची भेट. पुढं अडीच महिने मी त्याचा फोन घेतला नाही. आता सांगा, मी कुठल्या तोंडानं त्याच्या दिवसांना जाऊन बसले असेन.

बसले मात्र. बेबीताईनं मला मागच्या दाराशी तिच्या शेजारी बसवलं आणि पाठीवर हात ठेवला. तिला दत्तानं कधी सांगितलं होतं की नव्हतं, ते मला आजही माहीत नाही. तेराव्यानंतर तीन आठवड्यांनी सायलीचा फोन आला, ‘‘मावशी, शेवटचा भाग तयार हाय. फक्त एक शब्द राहिलाय. तो तुमचा हाय.’’ मी गेले. तिनं मला दत्ताच्या हातची पानं दिली. शेवटचा गिळा मेलाय, चित्रात उन्हानं भरलेलं खाचर. पाच पोरं बायोला शोधत पत्र्यापाशी येतात आणि पहिल्यांदाच न घाबरता मोठ्यानं ओरडतात, ‘‘कोन हाय का आत?’’ बायो बोलते. तिचा आवाज ऐकून पोरं धावत येतात आणि कुणीही मरत नाही. समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘हा आवाज नंदीचाच घ्यायचा. चौथीत होता तसाच आला तर बरं. तेव्हा तिनं काय चूक केली नव्हती, विचारलं तर ओ दिली.’

पन्नाशीच्या बाईचा आवाज चौथीतला कुठून येणार. सायलीनं माईक लावला, मी पत्र्यामागं उभी राहिले. तिनं खूण केली की मी तोंड उघडायचे आणि परत मिटायचे. एकदा, दोनदा, सात वेळा. ‘हजर’ शिकवून शिकवून तो शब्द माझ्या तोंडातून मीच हाकलून दिला होता. शेवटी सायली म्हणाली, ‘‘मावशी, र्‍हाऊ दे, थोडं बसा.’’ मी पत्र्याला पाठ लावून खाली बसले. पत्र्याला अजून कलिंगडाचा चिकटा होता. गोधड्यांना दत्ताच्या तंबाखूचा वास होता. मला रडू यायचं ते तिथं आलं, आणि बराच वेळ येत राहिलं.

मग दार ढकलल्याचा आवाज आला. बेबीताई चहा घेऊन आली होती. खोलीत अंधार, पत्र्यामागं बसलेली मी तिला दिसत नव्हते, आणि सायलीच्या कानांवर हेडफोन. ‘‘कोन हाय का गं आत?’’ तिनं विचारलं. आवाजाची पट्टी अप्पांचीच.

‘‘हाय,’’ मी म्हटलं.

‘‘मंग चा घे,’’ बेबीताई म्हणाली. ‘‘निवतोय.’’

माईक चालूच होता. सायलीनं तेवढा शब्द ठेवलाय.