बाबांची दाद

बाबांची बदली गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत झाली आणि आम्ही बालीगंजात राहायला आलो. तिथल्या एका हौशी वाद्यवृंदाने मला व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेत उमेदवारीवर घेतले. हिवाळ्यातला जाहीर कार्यक्रम नीट पार पडला की जागा पक्की होणार होती.

पांढरी साडी, गजाला लावायची राळ, जादा तार, पेन्सिल. यादीप्रमाणे सगळे आदल्या दिवशीच पिशवीत भरले. बाबांनाही बजावले, "मधे वादक थांबले तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत. सगळं संपल्यावरच."

"अगं, मी काय कुकुलं बाळ आहे?"

टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत. पूर्वार्धात अठराव्या शतकातली सिंफनी होती. तिच्या संथ भागात क्लॅरिनेटने एक स्वर अलगद उचलला आणि तिसऱ्या रांगेतून आवाज आला, "वा वा! काय सूर लावलाय!"

आमच्या घरगुती बैठकांत श्रोता गप्प राहिला तर तो गाणाऱ्याचा अपमान असे. इथे सभागृह हसले. वाद्यवृंदाच्या संचालकांची मान ताठ झाली. क्लॅरिनेटवाला मात्र वाजवता वाजवता डोळ्यांनी हसला.

मध्यंतरात समितीच्या चिटणीसबाई आल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचे वडील आता बाहेर बसतील. हा नाचगाण्याचा जलसा नाही."

"ते पुन्हा बोलणार नाहीत. मी सांगते त्यांना."

"ते बाहेर बसले तर तुमची जागा पक्की. मात्र यापुढे घरची माणसं आणू नका."

उत्तरार्धातल्या रोमँटिक रचनांसाठी थंडीत रोज पहाटे उठून मी बोटे सोलवटून घेतली होती. मी गज सैल केला, व्हायोलिन पेटीत ठेवले आणि बाबांना घेऊन निघाले.

ट्रॅममध्ये ते म्हणाले, "तू कशाला उठलीस? मी बसलो असतो बाहेर."

"त्या बाईंच्या हुकमावरून? मुळीच नाही."

त्यांनी तिकिटाची बारीक घडी घातली. मग म्हणाले, "वाईट वाजवलं असतं, तर गप्प बसलो असतो गं."

पुढच्या महिन्यात आमच्याच घरी मराठी मंडळींची बैठक झाली. गवयाने एक सुरेख जागा घेतली आणि सवयीने बाबांकडे पाहिले. बाबांचे हात मांडीवर तसेच. आपले काही चुकले असे वाटून त्याने तीच जागा पुन्हा घेतली. बाबांनी मान खाली घातली.

चिटणीसबाईंना हवी होती ती शांतता आता आमच्या घरात येऊन बसली होती. मी उठले आणि चहाचे पाहायला गेले.