ओझेम त्राहानचं टेंगूळ

आमच्याकडे एखाद्याच्या जमिनीची तारीफ करायची तर ‘हिच्यात पाणी मुरत नाही’ असं म्हणतात. बाहेरच्या माणसाला ती निंदा वाटते. पण भात करणाऱ्याला मुरणारं पाणी म्हणजे फाटका खिसा. आमच्या प्रेरी गोडेलमध्ये वर हातभर मऊ पोयटा आणि खाली चिकणमातीचा थर, असा घट्ट की पाऊस ताटात वाढल्यासारखा वरच राहतो. समुद्र तीस मैलांवर, उतार नावालाही नाही. पाण्याने जायचं ठरवलं तरी जाणार कुठे? लुइझियानाचा हा सगळा गवताळ पट्टाच तसा. पण साऱ्या पट्ट्यात सगळ्यांत घट्ट जमीन आपली, असं जो म्हणायचा तो ओझेम त्राहान.

ओझेम बुटका, मानेला सुरकुत्या, आणि आवाज मात्र तीन माणसांचा. माझ्या बियाण्यांच्या दुकानात शनिवारी कॉफीला मंडळी जमायची, तेव्हा याचं ठरलेलं वाक्य असे: “माझ्या रानात आज पेलाभर पाणी ओता आणि ईस्टरला येऊन पिऊन जा.”

“आणि त्यातली बेडकं?” कोपऱ्यातून लास्ती गीद्री विचारायचा.

“ती फुकट.”

लास्ती म्हणजे ओझेमचा कुंपणापलीकडचा शेजारी. उंच, कमी बोलणारा, पण बोलला की टाचणी टोचल्यासारखा. त्याची जमीनही तीच, तोच पोयटा, तोच थर. पण हे ओझेमला कोण सांगणार? एक म्हणे माझी वाईट, दुसरा म्हणे माझी त्याहून वाईट. असं भांडण मी दुसरीकडे कुठे ऐकलेलं नाही.

एकोणसत्तर साली सरकारचा माती पाहणारा आला. हॉल्स्टेड त्याचं नाव, आयोवाकडचा, पाय बगळ्यासारखे. हातात लांब गिरमिट आणि रंगाच्या दुकानात भिंतीसाठी दाखवतात तशी रंगीत चौकोनांची वही. गिरमिटाने भोक पाडायचं, ढेकूळ ओलं करायचं, वहीतल्या चौकोनाशी लावून बघायचं. राखी रंग म्हणजे पाणी बराच काळ साचलेलं. राखीत तांबूस ठिपके म्हणजे मधूनमधून सुकलेलं. तपकिरी म्हणजे निचरा बरा. एवढं आम्हाला आजोबांनी फुकट शिकवलं होतं, पण वही पाहून सगळे गप्प बसले.

ओझेम मात्र गप्प बसला नाही. सकाळीच बांधावर उभा. “साहेब, इकडे खोल जागा आहे. इकडे बघा.”

“मिस्टर त्राहान, मला माझ्या रेषेने जायचंय.”

“जा की. पण रेषेवर जेवण नाही. जेवण इकडे आहे.”

त्याच्या बायकोचा, नेल्वाचा, गंबो म्हणजे भातावरचा दाट रस्सा, तो ज्याने खाल्ला त्याची रेषा सरळ राहत नाही. दुपारनंतर हॉल्स्टेडचं गिरमिट ओझेमच्या सगळ्यांत सखल भागातच उतरू लागलं. राखी, राखी आणि पुन्हा राखी. त्याने वहीत लिहिलं, ‘निचरा वाईट’.

ओझेम वाकून बघतोय. “याच्यावर काही आहे का?”

“‘अतिवाईट’ आहे. पण ते दलदलीला देतात.”

“एका गंबोत जमत नसेल, तर उद्या बदक शिजतंय.”

“नाही जमायचं,” हॉल्स्टेड हसून म्हणाला. मग त्याने सांगितलं की या मातीला आधी कुळ असतं, मग पोटकुळ, मग गट, उपगट, घराणं, आणि शेवटी स्वतःचं नाव. ओझेम खूश. “नेल्वा, ऐकलंस? तुझ्या माहेरच्यांचीसुद्धा एवढी नावं नाहीत.”

“माझ्या माहेरच्यांचे पाय कोरडे होते,” नेल्वा म्हणाली.

लास्तीने मात्र हॉल्स्टेडला कॉफीसुद्धा विचारली नाही. माणूस रेषेने गेला, रेषा उंचवट्यावरून गेली, आणि लास्तीच्या रानाला शेरा पडला: ‘निचरा काहीसा वाईट’. नकाशा छापून आला तेव्हा ओझेमचं रान गडद निळं, लास्तीचं फिकट. ओझेमने तो चौकटीत घालून स्वयंपाकघरात येशूच्या शेजारी टांगला. आणि पुढची एकोणीस वर्षं लास्तीला दुकानात एकच हाक: “काय रे, काहीसा?”

त्याच भरात त्याने ती अदलाबदल केली. आमच्या गवताळ रानात मधूनमधून टेंगळं असतात. कमरेइतक्या उंचीचे, गोल, पोयट्याचे ढिगारे. कुणी म्हणतं वाऱ्याने केले, कुणी म्हणतं घुशींनी. भातवाल्याला ते शत्रूच, कारण त्यांच्यावर पाणी चढत नाही. एकूणएक टेंगूळ सगळ्यांनी सपाट केलं होतं. ओझेमच्या कोपऱ्यात रस्त्याकडेला एकच उरलं होतं, घर मावेल एवढं. ते त्याने लास्तीला दिलं आणि बदल्यात तेवढाच सपाट, ओला पट्टा घेतला. कचेरीत जाऊन रीतसर सह्या केल्या. बाहेर आल्यावर म्हणाला, “लास्ती, तुझ्या जमिनीला शोभेल असा दागिना दिलाय.” लास्तीने टेंगळावर अंजिराची दोन झाडं लावली, आणि हिवाळ्यात त्याच्या गाई तिथे कोरड्या पायांनी उभ्या राहू लागल्या.

अठ्ठ्याऐंशी साली नेल्वाला काचबिंदू झाला. एक डोळा गेला, दुसरा चालला. मुलगी कोरिन आणि जावई ह्यूस्टनहून परत यायला तयार झाले. आई-बापाच्या रानातच छोटं घर बांधायचं, म्हणजे आईकडे लक्ष राहील. ओझेमने दुकानात साखरेचा डबा उघडून सगळ्यांना दोन दोन चमचे वाढले. साखर माझी होती, तो भाग वेगळा.

पण घर म्हटलं की संडास आला, संडास आला की सेप्टिक टँक आणि शोषखड्डा आला. आणि शोषखड्ड्याला आधी आरोग्य खात्याची परवानगी लागते. तपासायला आली एक तरुण बाई, डोक्यावर टोपी, हातात गिरमिट.

“पोरी, तू कोणाची?” ओझेमने पहिला प्रश्न विचारला.

“अल्सी डूगाच्या धाकट्याची, नॉन्क ओझेम.” आमच्याकडे काकाला नॉन्क म्हणतात, आणि म्हाताऱ्या माणसाला सगळेच.

“मग घरचीच आहेस. लिही, निचरा उत्तम.”

ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि नेमकी येशूच्या शेजारी थांबली. नकाशा वाचला. मग वळून विचारलं, “हे तुमचंच रान ना?”

“तो आयोवाचा माणूस,” ओझेम घाईघाईने म्हणाला, “गंबो खाऊन झिंगला होता. त्याला राखी आणि तपकिरी यातला फरक कळत नव्हता.”

“एकोणीस वर्षं याच नकाशापुढे मेणबत्ती लावतोयस,” चुलीकडून नेल्वा म्हणाली.

“मेणबत्ती येशूला आहे!”

रानात गेले. तिने पहिलं भोक पाडलं, ते डोळ्यांदेखत पाण्याने भरलं. ओझेम म्हणाला, काल पाऊस होता. दुसरं भोक घ्यायला ती वाकली, तर शेजारीच क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडाचा, चिखलाचा मनोरा, वीतभर उंच, एखाद्या चर्चचा असावा तसा. जिथे जमिनीखाली पाणी हाताशी असतं तिथेच हा प्राणी घर करतो. मग तिसरं, चौथं. राखी आणि राखीच. ओझेमने एक ढेकूळ उचलून, पुसून उन्हाकडे धरलं. “बघ ना, थोडं तपकिरी दिसतंय.”

“नॉन्क ओझेम, ते तुमचं बोट आहे.”

परवानगी नाही. जाता जाता तिने कुंपणापलीकडे बोट दाखवलं. “ते टेंगूळ कोणाचं? त्याच्यावर बसेल एक घर. तिथे पाणी मुरेल.”

ओझेमने तिकडे पाहिलं. अंजिराखाली लास्तीची गाय रवंथ करत होती. त्यानंतर तो मान खाली घालून घरी गेला.

रात्रीच्या जेवणाआधीच नेल्वाने निकाल दिला. “कोरिन इथे राहणार असेल तर मी इथे. ती ह्यूस्टनला राहणार असेल तर मी ह्यूस्टनला. आंधळी मी तिथे तिच्या हाताने जेवेन. तू राहा तुझ्या पाण्यात.”

“नेल्वा...”

“ईस्टरपर्यंत तुझं पेलाभर पाणी टिकेल. मी टिकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी ओझेम लास्तीच्या अंगणात गेला. हे मला लास्तीनेच सांगितलं, त्यामुळे थोडं वाढवून घेतलं असेल, पण फार नाही. लास्तीने त्याला बसायला खुर्ची दिली, ती एक पाय लहान असलेली.

“टेंगूळ दे,” ओझेम म्हणाला. “त्याच्याबदली तुझा तो ओला पट्टा परत घे.”

“देतो.”

“देतोस?”

“देतो. पण शनिवारी दुकानात सगळ्यांसमोर म्हणायचं, ‘माझ्या रानात पाणी थांबत नाही, आणि लास्तीची जमीन माझ्यापेक्षा वाईट आहे.’”

ओझेम उठून गेला. गुरुवारी पुन्हा आला आणि म्हणाला, दुसरं काही माग, माझ्या डुकरिणीचं पिल्लू घे. लास्ती म्हणाला, पिल्लू छान आहे, पण शनिवारी काय म्हणायचं ते लक्षात ठेव. शुक्रवारी कोरिनचा फोन आला: तिकडे घर बघितलंय, सोमवारी सही करायची आहे. नेल्वाने बॅग पलंगावर काढून ठेवली आणि चाचपडत झग्यांच्या घड्या घालायला लागली. एका झग्याची घडी तिने उलटी घातली. ओझेमने तो सरळ केला, आणि म्हणे तिथेच त्याचं ठरलं.

शनिवारी दुकान भरलेलं. रात्री धो धो पाऊस झालेला. माझ्या दारातून समोरच ओझेमचं रान दिसतं, आणि त्या सकाळी ते आरशासारखं चमकत होतं, कडेपासून कडेपर्यंत पाणी. मधोमध पंधरावीस पांढरे बगळे, आपल्याच प्रतिबिंबात चोच बुडवत. ओझेम आत आला, त्या सगळ्याकडे पाठ करून उभा राहिला, टोपी काढली.

“माझ्या रानात,” तो म्हणाला, आणि थांबला.

“हं?” लास्ती.

“माझ्या रानात पाणी थांबत नाही.”

कुणीतरी कॉफी फुरकली. दाराबाहेर एक बगळा ओरडला. आम्ही सगळे खाली पाहत होतो, कारण वर पाहिलं असतं तर हसू फुटलं असतं.

“आणि?”

“आणि लास्तीची जमीन,” ओझेमचा तीन माणसांचा आवाज आता अर्ध्या माणसाचा झाला होता, “माझ्यापेक्षा वाईट आहे.”

लास्तीने कप खाली ठेवला. एकोणीस वर्षांत मी त्याला हसताना पाहिला तो त्या दिवशीच. “ऐकलंत ना?” तो म्हणाला. “चल, कचेरीत जाऊ.”

सोमवारी ह्यूस्टनची सही झाली नाही. बॅग पुन्हा कपाटावर गेली. उन्हाळ्यात टेंगळावर लाकडी घर उभं राहिलं, अंजिराची झाडं तशीच ठेवून, आणि नेल्वा दोन्ही घरांमध्ये बांधलेली दोरी धरून आपल्या घरातून लेकीच्या घरी एकटी जाऊ लागली. निळा नकाशा मात्र ओझेमच्या भिंतीवरून गेला. तो लास्तीच्या स्वयंपाकघरात लागला, आणि त्यातल्या परत मिळालेल्या पट्ट्यावर लास्तीने पेन्सिलीने आपलं नाव लिहिलं.

हिवाळ्याच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर मी तिकडे गेलो होतो. लास्ती गुडघाभर पाण्यात आपल्या पट्ट्याचा फुटलेला बांध बुजवत होता, तोंडावर अभिमान आणि चिखल दोन्ही. ओझेम टेंगळावरच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता, पायात कोरडे मोजे. मला पाहून त्याने उरलेली कॉफी अंगणात ओतली.

“बघ,” तो म्हणाला, आणि आवाज पुन्हा तीन माणसांचा झाला होता, मुद्दाम कुंपणापलीकडे जाईल असा. “बघ, गेलं! पाठ वळायच्या आत गेलं! साऱ्या पट्ट्यात एवढा निचरा कुणाच्या बापाकडे नाही!”

लास्तीने कमरेवर हात ठेवून वर पाहिलं. आतून नेल्वाचा आवाज आला, “लास्ती, लक्ष देऊ नकोस. अंजिरं पिकली की तुझी टोपली मी भरून ठेवीन.”

“टोपलीतून पाणी गळतं का?” लास्तीने विचारलं.

“माझी गळते!” ओझेम ओरडला. “तुझी नाही गळत!”