अंपायरकाकांचं बोट

अंपायरकाका डूख धरण्यात वाकबगार होते. एरवी माणूस इतका मऊ, की भाजीवाल्याशीही घासाघीस करायचा नाही. पण एका माणसावरचा राग त्यांनी वीस वर्षं लोणच्यासारखा मुरवला होता.

त्या रागाचा पुरावा त्यांच्या खिशात असे. पूर्वी च्युइंगगमच्या पाकिटात क्रिकेटपटूंची चित्रं निघायची, त्यातलं एक काकांचं होतं. दाट केसांचे, बॅट टेकवून उभे असलेले काका. नोकरी सरकारी, त्यामुळे बदली होईल त्या प्रांताकडून खेळले. तीन प्रांत झाले, शतक एकही नाही. "आपण भाड्याचं घोडं बे," ते नागपुरी ठसक्यात सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

चित्र निघालं त्याच वर्षी अंतिम सामन्याच्या सकाळी कप्तानाने काकांना बसवलं आणि स्वतःच्या भाच्याला घेतलं. काकांनी पाच दिवस मैदानात पाणी नेलं, आणि त्यानंतर बॅट हातात धरली नाही. तोच कप्तान पुढे काकांच्या आणि माझ्या खात्यात मोठा साहेब होऊन आम्ही होतो त्या चंदीगडला आला.

आमच्या मराठी मंडळाची दर हिवाळ्यात सेक्टरातल्या मैदानावर मॅच व्हायची. अंपायर कायम काका. बायकोच्या सख्ख्या भावाला त्यांनी पहिल्याच चेंडूवर घरी पाठवलं होतं. "पांढरा कोट घातला की नातं संपलं," म्हणायचे. साहेब खेळायला आले, की मात्र एक अलिखित नियम असे. त्यांच्याविरुद्ध कुणी अपील करायचं नाही. आमच्या सगळ्यांच्या सी.आर., म्हणजे वर्षाचे गोपनीय अहवाल, तेच लिहीत. सीमारेषेवर बसलेली आमची पोरं "आउट है जी, आउट है" ओरडायची आणि आम्ही बूट न्याहाळायचो. खेळाडूंनी 'आउट?' असं विचारल्याशिवाय, म्हणजे अपील झाल्याशिवाय, अंपायरला बोट वर करता येत नाही. काका साहेबांकडे बघत नुसते उभे राहायचे.

त्या वर्षी मॅचच्या आधी चहा चालला असताना कुणीतरी काकांकडून मागून घेऊन साहेबांना ते चित्र दाखवलं. "हा? हा तर आम्हाला पाणी द्यायचा," साहेब म्हणाले. सगळे हसले. माझं प्रमोशन अडकलेलं होतं, म्हणून मीही हसलो. काकांनी चित्र परत खिशात ठेवलं आणि कोटाची बटणं लावली.

दुपारी माझा चेंडू साहेबांच्या पॅडवर बसला. नेहमीसारखी शांतता. काका माझ्याकडे न बघता पुटपुटले, "विचार नं बे." इतक्या वर्षांत ते असं कधी बोलले नव्हते. मघाचं हसू मला टोचत होतं. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. काकांचं बोट वर गेलं आणि साहेब तंबूत पोचेपर्यंत खाली आलं नाही. साहेबांचा लाल झालेला चेहरा बघून मला जितका आनंद झाला, तितका लग्नातही झाला नव्हता.

माझं प्रमोशन चार वर्षं लांबलं, काकांची बदली झाली. त्याचं आम्हाला काहीच वाटलं नाही. पण निघण्याआधी काकांनी धुऊन इस्त्री केलेला कोट माझ्या हातात दिला.

"त्या दिवशी चेंडू आधी बॅटला लागला होता बे," ते म्हणाले. "आता हा अंगात घालवत नाही."

मलाही तो आवाज आला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.

साहेबांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांच्यापायी काकांचं मैदान दोनदा सुटलं. दुसऱ्या वेळी अपील मी केलं होतं.