मिस्त्रींच्या कानाची दुसरी शिकवणी

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान ट्रकच्या गॅरेजात मिस्त्री. लोखंडी सळईचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटून सांगायचं, "पाण्याचा पंप गेलाय." उघडून बघावं तर पंपच! मी तर येईल त्या पाहुण्याला ही गंमत दाखवायला गॅरेजात न्यायचो.

असे हे मेहुणे एका दुपारी ट्रकच्या फाळक्यावरून पडले. डोकं फरशीवर आपटलं. जीव वाचला, पण दोन्ही कानांमागची हाडं तडकली आणि माणूस ठार बहिरा झाला. साध्या यंत्रानं भागणार नव्हतं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून एका कानात आतवर तार बसवली. बाहेर कानावर यंत्र आणि डोक्याला चुंबकानं चिकटणारी चकती. मालकानं वर्षभर जागा राखतो म्हणून शब्द दिला. त्यापुढे दुसरा मिस्त्री.

महिन्याभरानं यंत्र चालू केलं. धाकटी म्हणाली, "अहो, ऐकू येतंय का?"

"येतंय. पण तू पत्र्याच्या डब्यात बसून बोलतेयस."

"तीस वर्षं बाहेर बसून बोलले, तेव्हा कुठे ऐकलंत!"

मग रोजची शिकवणी. धाकटीनं तोंडापुढे वर्तमानपत्र धरून एकेक शब्द म्हणायचा, यांनी ओळखायचा. अर्ध्या तासात माणूस घामाघूम. "दादा, यापेक्षा इंजिन उतरवून चढवणं परवडलं," मला म्हणायचे. सहा महिन्यांनी बोलणं बरंचसं कळू लागलं, पण चेहरा कायम ओझं वाहून आल्यासारखा.

सातव्या महिन्यात गॅरेजात गेले. मी मागोमाग होतोच. सवयीनं सळई कानामागे नेली, तर चकती टपकन सळईलाच चिकटली आणि यांना सगळं ऐकू यायचं बंद! आम्ही पोट धरून हसलो. मेहुणे हसले नाहीत. चकती जागेवर लावून सळई दुसऱ्या कानामागे धरली. मग ती खाली ठेवली.

"हाडातून आता काहीच येत नाही. आवाज येतो तो या यंत्रातून, आणि त्यातला एकही माझ्या ओळखीचा नाही."

मालक चाचरत म्हणाला, "मग दुसरा माणूस बघू?"

"अजून पाच महिने आहेत, शेठ. बिघडलेली इंजिनं मला ऐकवा. दोष आधी सांगा, मग मी ऐकतो."

चोपन्नाव्या वर्षी मेहुणे असे पहिलीत बसले. तेच इंजिन वीस-वीस वेळा. संध्याकाळी घरी आले की ऐकून ऐकून दमलेले, जेवतानाच पेंगत.

वर्ष भरलं तसं मालकानं बिघडलेल्या दहा गाड्या परीक्षेला लावल्या. मेहुण्यांनी सहा बरोबर ओळखल्या, चार चुकल्या.

मालक म्हणाला, "चार उघडून बघू. बाकीचे गॅरेजवाले दहाच्या दहा उघडूनच बघतात की!"

मी टाळ्या वाजवल्या. मेहुणे मात्र पायरीवर मटकन बसले.

"दादा," म्हणाले, "आता तासभर कुणी काही बोलू नका."