बाईच्या हातानं बिघडलेला डबा

हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या बाजारात पद्माबाई खिल्लारेचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, आणि तिच्याशी नीट बोलणारं माणूस त्या बाजारात एकही नव्हतं. तीही कुणाशी नीट बोलत नसे. हिंगोलीला दुरुस्तीचा कोर्स केला तेव्हा वर्गात ती एकटी बाई. मास्तरांनी पहिले तीन महिने तिला नुसत्या तारा सोलायला लावल्या. तेव्हा नाकाच्या शेंड्यावर बसलेला राग पुढे कधी उतरलाच नाही. सोळा वर्षं तिनं गावाचे बंद पडलेले टीव्ही चालू करून दिले. गावानं काय केलं? वस्तू चालली तर वस्तू चांगली, बिघडली तर बाईचा हात लागला. असल्या गावाशी गोड बोलायचं तरी कशाला?

दोन हजार आठ साली हिंगोलीच्या एका डीलरनं डिश अँटेनाच्या छत्रीचे नवे डबे, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, विकायला आणले. त्यात चॅनल दिसत, गेम खेळता येत आणि पेनड्राइव्ह लावला की गाणी, सिनेमेही चालत. दिवाळीच्या तोंडावर कंपनीनं त्या डब्यांसाठी नवं सॉफ्टवेअर काढलं. डीलरनं पद्माबाईच्या हातात एक सीडी आणि एक छापील कागद ठेवला. आधी एका डब्यात भरून आठ दिवस चालवायचं, कागदावर अभिप्राय लिहून सही करायची, आणि मग त्या भागातल्या शंभरेक डब्यांत तिनंच ते भरायचं, असं ठरलं.

पहिला डबा शेषरावच्या हॉटेलातला. सकाळी लाईट आल्या आल्या तिनं कॉम्प्युटरची वायर डब्याला जोडली, कारण भरता भरता लाईट गेली तर डब्याची वीट होते, म्हणजे तो कायमचा निकामी होतो. शंभर टक्के झालं. नवा गेम बघून शेषराव भजी तळायची सोडून रिमोट घेऊन बसला. दुपारी लोडशेडिंग झालं. चार तासांनी लाईट आली तर पडद्यावर एक चॅनल नाही. डबा आपला शोधतोय, शोधतोय, आणि मध्येच थिजतोय. पद्माबाईनं पुन्हा भरलं. पुन्हा लाईट गेली, पुन्हा तेच.

तिनं डीलरला फोन लावला. तो म्हणाला, "माझ्या दुकानात आठ दिवस झाले चालू आहे. एकदाही अडकला नाही. तुमचाच हात चुकला असेल." हेच त्यानं शेषरावलाही सांगितलं. मग काय, आयतं कोलीत मिळालं. शेषराव भर बाजारात ओरडायला लागला, "बाईच्या हातात मशीन देनं म्हंजे काय ते पाहा! डीलर सोता सांगून राहिला!" दोन दिवसांत तिच्या दुकानातून लोकांनी दुरुस्तीला दिलेले टीव्ही न दुरुस्त होताच परत नेले. सोळा वर्षांचं नाव दोन दिवसांत मातीत गेलं. त्या रात्री ती जेवली नाही.

तिसऱ्या दिवशी तो छापील कागद पिशवीत घालून ती काळीपिवळी जीपनं हिंगोलीला गेली. पेठेत लाईट नव्हती. डीलरच्या दुकानात मात्र पंखे गरगर फिरत होते, टीव्ही झगमगत होता, आणि कोपऱ्यात इन्व्हर्टर घुमत होता. पद्माबाई दारातच थांबली. मग चार गिऱ्हाइकांसमोर आत गेली आणि डीलरच्या डब्याची पिन खसकन उपटली.

"अहो बाई!"

"थांबा." तिनं पिन परत लावली. चॅनल गेले होते. डबा शोधायला लागला आणि अर्ध्यावर थिजला.

"चालू डब्याची अशी पिन काढतं का कोणी?" डीलर तडकला.

"आमच्या गोरेगावात लाईटवाले रोज तीन टाइम काढतेत! तुमी इन्व्हर्टरवर तपासून राहिले अन् माझा हात काहून चुकवता?"

गिऱ्हाइकं हसली. डीलरनं तिला बाजूला घेतलं. आवाज एकदम तुपात घोळलेला. कंपनी पुढे करील काहीतरी, तुम्ही आता 'ठीक' लिहा, तुमच्या दुकानाला कंपनीचा बोर्ड देतो; नाहीतर हे काम दुसऱ्याकडे जाईल. पद्माबाईनं पिशवीतला कागद काढला आणि लिहिलं : लाईट गेली की चॅनल जातात, डबा अडकतो. कोणाच्या घरी भरू नये. खाली ठसठशीत सही केली, मागून त्याची झेरॉक्स काढली आणि ती आपल्या दुकानाच्या दाराला डकवली.

काम दुसऱ्याकडे गेलंच. दहा दिवसांत शेजारच्या चार गावांतले डबे आंधळे झाले आणि एकेक करून पद्माबाईच्या दारात आले, कारण नवं भरण्याआधी उतरवून ठेवलेलं जुनं सॉफ्टवेअर तिच्याचकडे होतं. ती डब्याला हात लावायच्या आधी विचारायची, "कोनाच्या हातानं बिघडला?" माणूस "कंपनीच्या" म्हणायचा. ती म्हणायची, "मोठ्यानं."

शेषराव आला नाही. त्यानं बायकोला, केशरबाईला, पाठवलं. पद्माबाईनं डबा तिच्याकडे परत सरकवला. "त्याले येऊ द्या. बोंब त्यानं मारली."

"तो मेला तरी म्हननार न्हाई," केशरबाई म्हणाली. "सत्तावीस वर्सं झाली. दूध नासलं तरी माझाच हात वाईट. तुमचं तर एका डब्याचं हाय."

पद्माबाईनं डबा घेतला, जुनं सॉफ्टवेअर भरलं, आणि तो उचलून केशरबाईबरोबर थेट हॉटेलात गेली. माणसं चहा पीत होती. तिनं डबा जोडला, पिन काढली, लावली. पुन्हा काढली, लावली. चॅनल जागच्या जागी होते.

"म्हना आता, कोनाच्या हातानं बिघडला?" ती शेषरावला म्हणाली.

शेषरावनं कढईकडे तोंड वळवलं. तेव्हा मागून केशरबाईचा आवाज आला, पलीकडच्या दुकानांपर्यंत जाईल एवढा. "पद्माबाईचा हात बराबर होता! ह्या मानसाची जीभ खराब हाय!"

शेषरावची भजी करपायला लागली तरी त्यानं झारा हलवला नाही. पद्माबाई समोरच्या बाकड्यावर गड्यांच्या मधोमध बसली. केशरबाई चहाच्या कपाकडे वळली, तशी पद्माबाई म्हणाली, "तुमी न्हाई. त्याले आनू द्या."

शेषरावनं चहा आणला आणि कप तिच्यापुढे आपटला. ती सावकाश प्याली.