नानांच्या खानावळीचं आठाचं कुलूप

शेंगा खाताना टरफलं किती पडली ते कळत नाही. उठून धोतर झटकलं की पायाशी ढीग दिसतो. सुपडूनानांच्या खानावळीतले किस्से माझ्याकडे असेच साचले. मी तिथं फक्त जेवायला जात होतो हो!

गाव चाळीसगाव-धुळे फाट्यावरचं. नाव सांगत नाही, कारण त्या वेळच्या कमिटी मेंबरांची नातवंडं अजून तिथंच आहेत आणि चांगली धिप्पाड आहेत! काळ दुसऱ्या लढाईच्या आधीचा. मी तिथल्या शाळेत मास्तर, बिनलग्नाचा, म्हणून दोन्ही वेळा नानांकडे. नाना मूळचे शिरपूरकडचे. बैलजोडी विकून त्यांनी ही खानावळ घातली होती. स्वयंपाक त्यांच्या बायकोचा, द्वारकाअक्कांचा. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून, लाकडी बडगीत ठेचून त्या जे भरीत करायच्या, ते आठवलं की आजही मला हातातलं काम सुचत नाही.

अडचण एकच होती. लायसनवर टाइम होता संध्याकाळी आठपर्यंतचा. हंगामात कपाशीच्या गाड्या सरकी काढायच्या जिनात रिकाम्या व्हायच्या आठनंतर. चाळीसगावहून आगगाडी यायची तीही आठनंतर. ही सगळी भुकेली माणसं नानांच्या बंद दाराकडे बघत जकात नाक्यापलीकडे दगडूच्या हॉटेलात जायची. नाक्यापलीकडे म्युनिसिपालटीची हद्द संपायची, त्यामुळे दगडूला टाइमच नव्हता! त्याच्या भाजीत भाजी शोधावी लागे, पण दार उघडं असे.

"हाऊ हंगाम असाच गया तर चूल बंद करीसन शिरपूरले जानं पडी," असं नाना म्हणायचे तेव्हा मी हातातला घास ताटात परत ठेवायचो. त्यांना दहापर्यंतची परवानगी हवी होती. बाकी सगळं त्यापायी घडलं.

*

सुरुवात म्युनिसिपालटीच्या इन्स्पेक्टरनं केली. एकदा आठ वाजून गेल्यावर तो आला, आणि दार उघडं बघून नानांवर कडाडला, "आठनंतर हे दार उघडलेलं दिसलं तर लायसन गेलं समज!"

नाना पापभीरू माणूस. दुसऱ्या दिवशी बरोबर आठाला त्यांनी दार लावलं, आतून कुलूप ठोकलं आणि किल्ली कनवटीला लावली. आम्ही सगळे आत जेवत होतो! जेवण झाल्यावर मी म्हटलं, "नाना, दार उघडा."

"कसं उघडू मास्तर? आठ वाजी गयात!"

मोठाच पेच पडला. तो सोडवला भिकाआबांनी. आबा कचेरीतून पेन्शनीत निघालेले कारकून. कायदा त्यांना तोंडपाठ होता, आणि जो नव्हता तो ते जागच्या जागी करायचे. ते हात धूत म्हणाले, "साहेब दाराबद्दल बोलले. खिडकीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत."

बोळाच्या बाजूला बिनगजाची एक खिडकी होती. त्या दिवसापासून आठनंतर सगळं गिऱ्हाईक खिडकीतून बाहेर! वकील, कंडक्टर, एकदा तर एक कीर्तनकार बुवासुद्धा.

*

याचा खरा त्रास अक्कांना झाला. खानदेशात पाहुण्याला आग्रह करून वाढायचं नाही म्हणजे काय? नाना दारात उभे राहून "मझार या ना भाऊ, मझार!" करत माणसाला आत ओढायचे, आणि आत आलेल्याला अक्का नको म्हणू द्यायच्या नाहीत. ताटावर आडवा हात धरला तर बोटांवर भरीत वाढायच्या!

पण खिडकी आल्यापासून अक्का गिऱ्हाइकाचं ताट बघेनात, पोट बघू लागल्या. एखादा कापसाचा दलाल रंगात येऊन चौथी भाकरी मागू लागला की त्या परात बाजूला ठेवून कळवळून म्हणायच्या, "भाऊ, आते बस करा. खिडकी शे!"

*

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चार ओळींचा चांगला मसुदा केला. नानांना तो फारच तोकडा वाटला.

"लिखा मास्तर, बठ्ठं लिखा. अक्कानं गुडघं दुखस, ते बी लिखा."

"त्याचा दहा वाजण्याशी काय संबंध?"

"साहेबले दया नको का येवाले?"

अर्ज आठ दिवसांनी परत आला. वर शेरा होता, "आठनंतर जेवणाची गरज काय, ते सिद्ध करावे." आम्ही डोकं धरून बसलो. भूक सिद्ध कशी करायची? नाना मात्र खूश! दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडगंभर भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी अर्जासोबत कचेरीत पाठवल्या.

संध्याकाळी गाडगं घासूनपुसून परत आलं. अर्जावर नवा शेरा होता, "पुरावा अपुरा पडला. पुन्हा पाठवावा."

*

मग हरकत आली. शेजारच्या काशीनाथभाऊंनी लेखी तक्रार केली, की बडगीत भरीत ठेचल्याचा ठकठक आवाज भिंतीतून थेट आपल्या उशीत येतो. आत्ताच ही गत, तर दहापर्यंत परवानगी मिळाल्यावर आपण झोपायचं कधी?

नानांनी भांडण केलं नाही. ते उठले आणि भाऊंना हाताला धरून "मझार या ना भाऊ, मझार!" करत जेवायलाच घेऊन आले. रोज ठकठक सुरू झाली की भाऊ पाटावर हजर! आवाज उशीत जायचा खरा, पण उशीवर डोकं नसायचं.

महिन्याभरानं भाऊ कचेरीत गेले. नाना आनंदले, म्हणाले हरकत मागं घेतली असणार. घेतलीच होती. तिच्या जागी भाऊंनी नवी तक्रार दिली होती, "सदर खानावळ फार लवकर बंद होते!"

*

याच सुमारास आबांना आणखी एक मुद्दा सुचला. "आठ म्हणजे कुणाचे आठ?"

प्रश्न बिनतोड होता. जिनाचा भोंगा एक वेळ सांगायचा, स्टेशनचं घड्याळ दुसरी. म्युनिसिपालटीच्या मनोऱ्यावरचं घड्याळ तर मी गावात आल्यापासून सव्वासातावर उभं होतं. आबा म्हणाले, "लायसन म्युनिसिपालटीचं, तेव्हा घड्याळही म्युनिसिपालटीचंच धरायचं!"

मग काय! नानांची खानावळ मनोऱ्यावर आठ वाजेपर्यंत उघडी राहू लागली. गाडीवाले आले, आगगाडीची माणसं आली, पाट पुरेनात. नाक्यापलीकडे दगडू एकटाच माशा मारत बसला. इन्स्पेक्टर तणतणत आला तेव्हा नानांनी अदबीनं त्याला रस्त्यावर नेलं आणि हात जोडून मनोरा दाखवला. "साहेब, आते कुठे सव्वासात वाजनात!"

दुसऱ्याच दिवशी मनोऱ्याला शिडी लागली. इतकी वर्षं अर्ज करून जे घड्याळ चाललं नव्हतं, ते दुपारपर्यंत टणाटण वाजायला लागलं. कमिटीच्या अध्यक्षांनी, रावसाहेबांनी, नारळ फोडून गावाला पेढे वाटले. सगळं गाव खूश झालं. नाना एकटे पेढा हातात धरून रडायच्या बेताला आले होते, आणि मलाही त्या दिवशी जेवण गेलं नाही.

*

शेवटी कमिटी स्वतः बघायला आली. रावसाहेब आणि दोन मेंबर. रावसाहेब म्हणजे भला थोरला देह, खुर्चीत बसले की खुर्ची दिसायची नाही. त्यांनी येताच सांगून टाकलं, "मला या अर्जात काही अर्थ दिसत नाही. पाच मिनिटांत बघून निघणार." नानांचा चेहरा उतरला. अक्कांनी मात्र मुकाट्यानं पाट मांडले.

पहिल्या घासालाच रावसाहेब पाच मिनिटांची गोष्ट विसरले. पुढं भाकरीवर भाकरी जात होती. अक्का वाढत होत्या, पण मधूनमधून त्यांची नजर रावसाहेबांच्या पोटाकडे आणि तिथून खिडकीकडे जायची. शेवटी न राहवून त्या म्हणाल्या, "भाऊ, आते बस करा. खिडकी शे!"

रावसाहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "असू दे, वारा छान येतोय," असं म्हणून त्यांनी भाकरी मागितली!

इतक्यात मनोऱ्यावर आठाचे टोले पडले. नाना उठले, दाराला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला!

"अरे, हे काय? उघड दार!" रावसाहेब ओरडले.

"साहेब, लायसन जाई ना मन्हं!" नाना काकुळतीला आले. कमिटीच समोर असताना ते नियम मोडणार कसे? "बठ्ठा लोके खिडकीतून जातस."

"सगळे जातात? मग मला काय झालंय?" असं म्हणून रावसाहेब ताडकन उठले, पाटावर चढले आणि खिडकीत शिरले. डोकं गेलं, खांदे गेले, हात गेले. भरीत राहिलं!

दोन्ही मेंबरांनी आतून ढकललं, तर ते ओरडले. ओढलं, तर जास्त ओरडले. बोळातून आवाज येत होता, "दार उघडा! कुणीतरी बाहेरून या!"

"टाइम वाढला तरच दार उघडता येईल," कोपऱ्यात नेहमीप्रमाणे जेवत बसलेले आबा शांतपणे म्हणाले. "तिघं मेंबर हजर आहेत. कोरम पुरा आहे. मीटिंग इथंच घ्या."

एका मेंबरनं घाम पुसत दहा वाजेपर्यंतचा ठराव मांडला. दुसऱ्यानं अनुमोदन दिलं. पण आबांनी बोट वर केलं. "थांबा. अध्यक्ष सभेत हजर आहेत का? अर्धे बोळात आहेत. मत द्यायला हात वर करावा लागतो, आणि हात बाहेर आहेत. इथून ते दिसत नाहीत."

सगळे खिडकीकडे बघत राहिले. नानांनी तर डोळेच मिटून घेतले. त्यांचं सगळं त्या खिडकीत अडकलं होतं.

हळूहळू रावसाहेबांचा उजवा पाय वर झाला.

"ठराव एकमतानं मंजूर!" आबा गरजले.

नानांनी कुलूप काढलं, दार सताड उघडलं आणि वाऱ्यासारखे बाहेर पळत सुटले. वळसा घालून ते बोळात शिरले आणि रावसाहेबांच्या तोंडासमोर येऊन उभे राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पाया पडायला वाकले, भिंतीला हात लागला, तसे तिथंच थांबले. मग सरळ उभे राहून हात जोडून म्हणाले,

"साहेब, तुम्ही अठेच थांबा! पाया पडाले मी मझार जाई येस!"