सपरीतल्या डाव्या गोगलगाई

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. माहेरी सगळ्यांना ते माहीत होतं, सासरी पहिल्याच आठवड्यात कळलं. रागाच्या भरात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, त्यातला बराचसा विसरलेही. पण एका दुपारी घरच्या सपरीत, म्हणजे मागच्या पडवीत, उभी राहून मी सासूबाईंना जे बोलले, ते आठवलं की आजही हातातला घास हातातच राहतो.

मी भंडाऱ्याला एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. घर वरठीजवळच्या एका गावात. नवरा तिकडे लोखंडाच्या कारखान्यात, मोटरसायकलनं ये-जा करतो. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. थोडी धानाची शेती आहे, ती त्याच बघतात. पीएचडीसाठी मी गोगलगाईंची अंडी घेतली, हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग हसतात. इकडे नागझिऱ्याचे वाघ असताना हिला गोगलगायच भेटली का! हसा बापा. वाघाचं पोट फाडून त्यात पिल्लू कसं तयार होतं ते मला कोण बघू देणार होतं? गोगलगाईचं अंडं काचेसारखं आरपार असतं. पानाच्या खालच्या बाजूला चिकट लादी चिकटवलेली असते, त्यात पन्नास-साठ अंडी. उचलायची, बशीत ठेवायची, मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. जीव घडताना दिसतो.

उन्हाळ्यात कॉलेजची लॅब बंद, पंखे बंद, पाणी तापून जनावरं मरायची. म्हणून मी गोगलगाईंच्या बरण्या घरी आणल्या आणि मागच्या सपरीत फळीवर मांडल्या. कॉलेजनं मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोपही आणला. सासूबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या, "लोणच्याच्या बरण्या रिकाम्या केल्या अना त्यात हे भरलं? वा वं बाई!"

पण त्या चौकस होत्या. शाळेत दुसरीपर्यंत गेलेल्या, पुढचा सगळा जन्म रोवण्यात, म्हणजे चिखलात वाकून धान लावण्यात गेलेला. भाकरी थापताना विचारायच्या, "त्या अंड्यात पाहून समजते काय तुले?"

मी सांगायची. म्हटलं, आई, मोठेपणी शिंपल्याला डोकं नाही, गोगलगाईला डोकं आहे, समुद्रातल्या काही किड्यांना नुसते कडीला कडी जोडल्यासारखे वेढे आहेत. हे एकाच कुळातले असतील असं बघून कोणालाच वाटणार नाही. पण अंड्यात बघा. एकाच्या दोन पेशी होतात, दोनाच्या चार, आणि चाराच्या आठ होताना वरच्या चार खालच्या चारांवर सरळ बसत नाहीत, तिरप्या सरकून खाचांत बसतात. तिघांच्याही अंड्यात तेच. पुढे समुद्रातल्या पिल्लाच्या कमरेला बारीक केसांचा पट्टा येतो, तोही तिघांना. आपल्या बोडीच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगाईला समुद्र कुठला? तिनं ती अवस्था अंड्याच्या आतच उरकून घेतली. मोठेपणी लपलेलं नातं लहानपणी उघडं पडतं.

"मंग गांडूळ?"

"तेही लांबचं चुलत."

"दिसतेच. दोघंबी चिकट."

कवच नसलेल्या गोगलगाईचं पिल्लूसुद्धा अंड्यात कवचाची तयारी सुरू करतं आणि मग सोडून देतं, म्हणजे तिच्या पूर्वजांना कवच होतं, हे त्यांना फार पटलं. पोटाचा भाग वळून मागचं दार डोक्यावर येतं, हे सांगितलं तेव्हा मात्र त्या हसून हसून चुलीपुढून उठल्या. "देवानं का केलं असं?" म्हणाल्या आणि जीभ चावली, कारण आमच्या घरी छपन्न सालापासून देव नाही. मी म्हटलं, देवानं केलं नाही आई, तेच तर आम्ही शोधून राहिलो.

डावी गोगलगाय त्यांनीच आणली. आमच्या धानाच्या बांधीतल्या या जातीचा शंख उजव्या वळणाचा असतो, लाखात एखादा डावा. रोवण्यातून येताना त्यांनी रांधायला पदरात गोगलगाई वेचल्या होत्या. धुताना एक बाजूला काढली आणि माझ्यापुढे धरली. "याचं तोंड उलटं हाये." डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं ओळखली होती त्यांनी. मी त्यांना मिठीच मारली. मासळीचा वास, चिखल, सगळं अंगाला लागलं.

त्या एका गोगलगाईवर माझी तीन वर्षं गेली. ती एकटीच अंडी घालू शकते, नर लागतोच असं नाही. तिची पहिली पिल्लं सगळी उजवी निघाली. मी कपाळावर हात मारला. पण त्या उजव्यांतल्या काहींनी अंडी घातली तेव्हा त्यांची झाडून सगळी पिल्लं डावी! कारण शंखाचं वळण पिल्लाच्या स्वतःच्या गुणांवर ठरत नाही, आईच्या गुणांवर ठरतं. अंडं फळण्याआधीच आईनं त्यात जे भरून ठेवलेलं असतं, त्यावर त्या आठ पेशी कुठे सरकायच्या ते ठरतं. काही जातींत डाव्याचं उजव्याशी जमत नाही, मग डाव्यांचं कुळ वेगळं पडतं. एका आईच्या अंड्यात बदल झाला आणि वंशाला नवी फांदी फुटली. मी हे वर्गात सांगायची तेव्हा माझा आवाज वर चढायचा.

या तीन वर्षांत माझी दोन मुलं पोटातच गेली. दोन्ही तिसऱ्या महिन्यात. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा आम्ही तिघंही घरात हळू बोलायला लागलो. चौथा महिना गेला. पाचवा लागला. नवरा मोटरसायकल अंगणाबाहेरच बंद करून ढकलत आणायचा, म्हणे आवाजानं दचकशील. मला हसू यायचं आणि भीतीही वाटायची. मला ते मूल पाहिजे होतं. पीएचडी, नोकरी, काही विचारलं असतं तरी देऊन टाकलं असतं, इतकं पाहिजे होतं.

सासूबाईंचं माहेर पवनीकडे, कोंढ्याला. त्यांच्या आईच्या घरची एक रीत होती. घरात बाई पोटुशी असली की कोंडलेला जीव ठेवायचा नाही. माठातले मासे असोत, पिंजऱ्यातला पोपट असो, सोडून द्यायचं. चौथ्या महिन्यात त्यांनी मला ते एकदा सांगितलं, बरण्यांकडे न बघता. मी म्हटलं, "आई, आपण बुद्धाची माणसं. हे कुठून काढलं तुम्ही?" त्या तांदूळ निवडायला लागल्या. मला वाटलं, पटलं.

रोवणा सुरू होता. एका शनिवारी दुपारी कॉलेजातून आले तर सपरीतली फळी रिकामी. बरण्या घासूनपुसून उन्हात उपड्या घातलेल्या, ओळीनं.

"बोडीत सोडून आली," सासूबाई म्हणाल्या. "सारे जिते सोडले. पानाइसंगट सोडले, एकबी नाई मेलं."

बोडीत! तेवढ्या तळ्यात, हजारो उजव्यांत माझ्या डाव्या. एकही परत हाती लागणार नव्हती.

मी ओरडले. तीन वर्षं म्हटलं, अडाणी म्हटलं, तुम्हाले काय समजते म्हटलं. त्या नुसतं म्हणत होत्या, "तुया पोटातल्यासाठी केलं वं." तेवढ्यावर थांबले असते तर आज हे लिहायला बसले नसते. माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांची पोटातली दोन गेली होती, एक तर सहाव्या महिन्यात, रोवण्यातच. मला नवऱ्यानं सांगितलं होतं, त्यांनी कधी नाही. आणि मी म्हटलं, "तुमचे दोन गेले तेव्हा घरात कोणत्या बरण्या होत्या?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग विळा घेतला आणि गवत कापायला गेल्या.

अकराव्या दिवशी माझ्या पोटात दुखायला लागलं. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, हात धरून म्हणाल्या, कारण सांगता येत नाही, तुमचं काही चुकलं नाही. मी मान हलवली. पण माझं डोकं तर तेच शिकलं होतं ना! आईनं अंड्यात काय ठेवलं, त्यावर सगळं. गोगलगाईचं माणसाला लावू नका, हे मी दर वर्षी पोरांना फळ्यावर रेघ मारून बजावते. आणि घरी पडल्या पडल्या छताकडे बघत मी तेच लावत होते. तिघंही माझ्यातूनच बिघडून निघाली. मीच काहीतरी ठेवायचं विसरले. एवढी शिकलेली बाई, रडलेसुद्धा नाही. नुसती पडून राहिले.

सासूबाई जेवण आणून ठेवायच्या आणि जायच्या. आम्ही बोलत नव्हतो. एक दिवस नवरा म्हणाला, "आई म्हणते, मी सोडाले उशीर केला. समजलं तेव्हाच सोडून दिल्या असत्या तर राहिलं असतं." मला राग आला, कोणाचा ते कळलं नाही. एका घरात दोन बाया, दोघींनाही वाटत होतं की आपणच मारलं, आणि दोघीही एकमेकींना सांगत नव्हत्या.

मग त्या रोज सकाळी डबा घेऊन बाहेर जायला लागल्या. मला वाटलं, निंदणाला जात असतील. महिनाभर चाललं ते. एका रविवारी सकाळी डबा घेऊन सरळ माझ्या खाटेपाशी आल्या. पाय मांडीपर्यंत चिखलानं भरलेले, बोटं पाण्यानं पांढरी पडलेली.

"डावा नाई भेटला बापा," त्या म्हणाल्या. "आपल्या साऱ्या बांध्या पाहिल्या, बोडी पाहिली. एक एक हातात घेऊन पाहिला. हे भेटलं." डब्यात कमळाच्या पानाचा तुकडा होता आणि त्याला चिकटलेली अंड्यांची लादी. साधी, उजव्यांची. "तेवढ्यावरून मांड पुन्हा. मी नाई सोडत आता."

मी उठले. सपरीत जाऊन मायक्रोस्कोपवरची धूळ पुसली, अंडी बशीत घेतली, नळी खालीवर करून नीट लावलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की तीन वर्षं या बाईनं मला अंडी आणून दिली, नातं समजून घेतलं, डावी गोगलगाय शोधून दिली, आणि मी एकदाही त्यांना आत काय दिसतं ते दाखवलं नव्हतं. पुस्तकासारखं तोंडानं सांगत राहिले.

"पाहा, आई."

एक डोळा मिटेना, म्हणून त्यांनी तो पदरानं झाकला. वाकल्या. नळीला डोळा लावला.

"माय वं," त्या म्हणाल्या. "हे तं फिरून राहिलं."

अंड्याच्या आत त्या वयाचं पिल्लू फिरतंच. अंगावरच्या बारीक केसांनी आतलं पाणी ढवळत, सावकाश, गोल गोल, दिवसभर. मी म्हटलं, हो, सगळीच फिरतात. त्या काही उठेनात. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून कदाचित त्यांना विचारता आलं.

"माया पोटातलं फिरत असंन का वं? का फिरलंच नाई म्हून गेलं?"

माणसाचा गर्भ असा फिरत नाही. त्याच्या अंगावर ते केस नसतात. हे मी झोपेतही सांगू शकते.

"फिरत होतं, आई," मी म्हटलं. "तुमची दोघंही फिरत होती. दुसऱ्याच कशानं तरी गेली ती. आणि त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"राहू दे." त्या सरळ झाल्या, पदर खाली सोडला. "तुयंबी फिरत होतं. मले मालूम हाये."

"तुम्हाले कसं मालूम?"

"सोडून आली त्याच्या आदल्या दिवशी तू दुपारची झोपली होतीस. मी पोटावर हात ठेवला. तेनं लात मारली. मले वाटलं, हे राहते. म्हून तं सकाळी उठल्याबरोबर बरण्या घेऊन गेली."

पाच महिन्यांत मला स्वतःला एकही लाथ कळली नव्हती. त्या खरं सांगत होत्या की मी त्यांना सांगितलं तसंच, हे मी विचारलं नाही. मी त्यांचा तो चिखलाचा हात ओढून घेतला, पोटावर ठेवला, आणि त्या दवाखान्यापासून न आलेलं रडू तिथे सपरीत आलं.